आतला हुंकार

“मॅडम, मी बोललो होतो का न्हाई?” दाराच्या फटीत पेचकस खुपसत संगप्पा मिस्त्री म्हणाला. “म्हाताऱ्या माणसांच्या न्हाणीला आतून कडी नको म्हणलं, तर तुम्ही म्हणलात, लावून टाका.”

अकरा महिन्यांची लेक लुंबिनी कडेवर होती आणि मोकळ्या हातानं विशाखा दार बडवत होती.

“भामाआजी! ओ भामाआजी!”

आतून फक्त नळाचं पाणी वाजत होतं. रेणापूर रस्त्यावरचा हा वृद्धाश्रम गेल्या वर्षी सुरू झाला, तेव्हा इथली सगळी व्यवस्था पाहणाऱ्या विशाखाला आठवा महिना लागला होता. बायकांच्या न्हाणीला कडी नाही म्हणजे काय, असं म्हणून तिनं संगप्पाचं बोलणं उडवून लावलं होतं.

कडी गळून पडली. संगप्पानं तोंड फिरवलं आणि विशाखा आत शिरली.

भामाबाई स्टुलावर बसली होती. अंगाला लुगडं गुंडाळलेलं, पाय गरम पाण्याच्या बादलीत, डोळे मिटलेले. दाराच्या आवाजानं तिनं डोळे उघडले, आधी दाराकडं पाहिलं, मग विशाखाकडं.

“आग लागली का कुठं?”

“आजी, किती हाका मारल्या!”

“जरा डोळा लागला. गरम पाण्यात पाय सोडून बसून राहिले होते, त्यात काय एवढं?”

विशाखा भिंतीला टेकली. हसावं की रडावं ते तिला कळेना. लुंबिनीनं मात्र निवड केली आणि ओली भामाबाई बघून ती खिदळायला लागली.

गुरुवारी जिल्ह्याहून तपासणी येणार होती. न घसरणारी फरशी, धरायला दांडे, कमोडला आधार, पॅसेजमध्ये दिवा... तक्त्यातल्या सगळ्या ओळींपुढं विशाखानं पेन्सिलनं खुणा केल्या होत्या. एकच ओळ कोरी होती. ‘स्नानगृहाचे दार बाहेरून उघडता येते का?’

“कडी आता नकोच,” ती म्हणाली.

जेवायला बसलेली भामाबाई थांबली. “मग माझी आंघोळ बी नको.”

“आजी, तुमच्याच भल्यासाठी...”

“पोरी, सत्तर वरीस दोन लुगड्यांच्या आडोशाला न्हाले मी. अंधारात उठायचं, कुणी येतंय का बघायचं, दोन तांबे वतायचे अन् पळायचं. इथं आले तवा पयल्यांदा दार लावलं. कडी आतून खट्ट वाजली ना, तवा कळलं, आंघोळ काय असती.” तिनं भाकरीचा तुकडा मोडला. “कडी जाणार असंल तर मी बी जाते. इस्लापूरची गाडी सकाळी असती.”

तिनं खरंच पिशवी भरून खाटेखाली ठेवली. इस्लापूरला तिचा पुतण्या होता, आणि पुतण्याच्या न्हाणीला अजून पोत्याचा पडदा होता, हे विशाखाला माहीत होतं.

तोड संगप्पानं काढली. आतून लागणारी, पण बाहेरच्या खाचेत काही घालून फिरवलं की उघडणारी कडी त्यानं लातूरहून आणून बसवली. खाचेत चमच्याचा दांडा बरोबर बसायचा, म्हणून दाराशेजारी खिळ्याला सुतळीनं एक चमचा टांगला.

“आता झालं का समाधान?” त्यानं विचारलं.

“उघडता येईल, पण उघडायची कधी, हे कसं कळणार?” विशाखा म्हणाली. तिचं कुठलंच समाधान पूर्ण होत नसे.

दुसऱ्या दिवशी भामाबाई न्हायला गेली आणि विशाखा दाराबाहेर उभी राहिली. मिनिटामिनिटाला विचारू लागली, “आजी, बऱ्या आहात ना?”

पाचव्यांदा आतून आवाज आला, “मी परीक्षेला बसले का गं, तू राखण करून राहिली ते?”

दुपारी लुंबिनी वरण-भात खाईना. आश्रमातल्याच उदगीरकडच्या गंगम्मानं तिला मांडीवर घेतलं आणि गोष्ट सुरू केली. गंगम्माच्या गोष्टींना ना आगा असायचा ना पिछा.

“देवणीच्या बाजारातनं एक बैल दावं तोडून निघाला.”

“हूं,” पलीकडच्या खाटेवरून आलं. भामाबाई भिंतीकडं तोंड करून पडली होती.

“रस्त्यात त्याला एक म्हातारी भेटली.”

“हूं.”

“अय्यो भामाक्का, मी बाळाला सांगतेय.”

“बाळाला हुंकार कुठं देता येतो? हुंकार न्हाई दिला तर गोष्ट पुढं जाती का कधी?”

लुंबिनीच्या तोंडाशी नेलेला घास विशाखाच्या हातात तसाच राहिला. तिनं भामाबाईकडं पाहिलं, मग न्हाणीच्या दाराकडं.

गुरुवारी साहेब आले. दांडे हलवून पाहिले, फरशीवर बूट घासून पाहिला. न्हाणीजवळ आले तर बाहेर खुर्ची टाकून गंगम्मा शेंगा फोडत बसली होती आणि बंद दाराला गोष्ट सांगत होती.

“मग म्हातारी बैलाला म्हणाली, माझ्या घरी चल.”

“हूं,” दार म्हणालं.

“हे काय चाललंय?” साहेबांनी विचारलं.

“आत आंघोळ चालू आहे, सर,” विशाखा म्हणाली. “हुंकार थांबला की गोष्ट थांबते. दोन हाका मारायच्या, आणि तरी हुंकार आला नाही तर हा चमचा.”

साहेब चमच्याकडं बघत राहिले. तक्त्यावर बरोबरची खूण केली आणि तरी तिथून हलले नाहीत.

“मग गेला का बैल?”

“उद्या या,” गंगम्मा म्हणाली. “उद्या आमच्यातल्या सिंधूची न्हायची पाळी हाय, तवा पुढची. आज एवढीच.”

साहेबांची गाडी गेली तेव्हा भामाबाई केस पुसत बाहेर आली. खाटेखालची पिशवी ओढून तिनं सगळी लुगडी परत फळीवर रचली. मग विशाखाजवळ येऊन लुंबिनीला सरळ काढूनच घेतलं.

“जा. पाणी तापलेलं हाय.”

“कुठं?”

“मला दिसत न्हाई व्हय? रोज तुझ्या कानामागं साबण वाळलेला असतो. घरी दार उघडं टाकून न्हात असशील, एक डोळा पोरीवर ठेवून. दोन तांबे वतले की पळायचं.” भामाबाईनं लुंबिनीला खांद्यावर टाकलं. “जा माय. आम्ही हाव इथं सात जणी.”

विशाखानं लेकीकडं पाहिलं. लेक भामाबाईच्या ओल्या केसांत बोटं घालून बसली होती, तिला आईची काही पडली नव्हती.

तिनं दार लावलं. कडी खट्ट वाजली.

“बैल म्हातारीच्या घरी गेला,” बाहेरून गंगम्मा म्हणाली.

“हूं,” विशाखा म्हणाली. स्वतःचा आवाज तिला लाजरा वाटला.

“बघतो तर घराला दारच न्हाई.”

“हूं.”

तिसऱ्या तांब्याला पाठ सैल झाली. चौथ्याला खांदे. पाचवा तिनं सावकाश, डोक्यावरून ओतला आणि डोळे मिटून नुसती बसून राहिली. किती वेळ, कुणास ठाऊक. बाहेर गोष्ट थांबली होती.

“विशाखा!” एक हाक आली.

“अगं विशाखा!” सात जणींची मिळून दुसरी.

मग खाचेत चमचा खडखडला.

“हूं! हूं! हूं!” ती आतून ओरडली, आणि बाहेर एवढा हशा पिकला की त्यात लुंबिनीचाही आवाज तिला वेगळा ऐकू आला.

“डोळा लागला व्हता का गं?” भामाबाईनं विचारलं.

विशाखानं सहावा तांब्या भरला.

हे वाचून झालं असेल तर जरा उठा. तुमच्या घरातही कुणीतरी आत्ता दार लावून आत असेल. एक हाक मारून बघा, आणि हूं येईपर्यंत तिथून हलू नका.