नुसता डावा

कंपनीतल्या मुलीचा फोन आला तेव्हा मी चष्मा शोधत होतो, आणि चष्म्याशिवाय मला ऐकूही कमी येतं. त्यामुळे "तुमच्या गाण्याला चाळीस वर्षं झाली" हे तिला दोनदा सांगावं लागलं. कुठल्या गाण्याला, हे विचारायची गरज नव्हती. मी शंभरेक गाणी लिहिली असतील. लोकांनी त्यातलं एकच ऐकलं.

"सर, ते आम्ही नव्याने काढतोय. सोबत छोटी पुस्तिका देणार आहोत. अडचण एवढीच आहे, की आमच्या ऑफिसात ते कोणाला कळत नाही."

"कोणतं कडवं?"

"कडवी कळतात, सर. शब्द कळत नाहीत."

मला वाईट वाटू नये अशा बेताने ती बोलत होती. गाण्यातले चंद्र, डोळे आणि वाट अजून धडधाकट होते. त्या वेळी जे शब्द सगळ्यांत ताजे होते, ज्यांच्यासाठी कॉलेजातली पोरं बाकं बडवायची, नेमके तेच म्हातारे झाले होते.

"'नुसता डावा' म्हणजे काय? आमच्या एका सहकाऱ्याचं म्हणणं, नायिका डाव्या विचारांची आहे."

"आणि तिचे वडील कोणत्या पक्षात?"

"ते 'धूळ' आहेत ना, सर? 'धूळ आली, धूळ आली, खिडकी लाव गं.' तिथेच तर आमचं अडलंय. शुक्रवारपर्यंत अर्थ लिहून द्याल?"

"विचारून सांगतो."

"कोणाला? गाणं तुमचंच आहे ना?"

"गाणं माझं आहे. शब्द दुसऱ्याचे आहेत."

पलीकडे शांतता पसरली. ही शांतता मी ओळखतो. तिच्यात वकील बसलेला असतो.

"घाबरू नका," मी म्हणालो. "तो तुमच्यावर खटला भरणार नाही. माझ्यावरही भरला नाही त्याने."

गाण्याआधी मी सहा वर्षं बुटांच्या दुकानात विक्रेता होतो. मोठं दुकान, आठ विक्रेते, जमिनीपासून छतापर्यंत खोकी. वरच्या फळीसाठी सगळ्यांना शिडी लागायची, एकाला लागायची नाही; म्हणून त्याचंच नाव शिडी पडलं. तो माझ्याहून सात वर्षांनी मोठा, त्यामुळे मी शिडीदादा म्हणायचो. तो मला कवी म्हणायचा. त्या वेळी मी काही लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ती शिवीच होती.

या धंद्यातलं दुःख बाहेरच्यांना माहीत नसतं. दिवसभर लोकांच्या पायाशी बसायचं आणि मनात येईल ते बोलायचं नाही. शिडीने त्यावर तोड काढली. फळीवर मांडतात तो फक्त डावा बूट असतो, उजवा खोक्यात. जे गिऱ्हाईक वीस डावे घालून आरशापुढे फिरतं आणि "बघू, येतो परत" म्हणत निघून जातं, ते 'नुसता डावा'. विक्री पक्की झाली की 'उजवा निघाला'. आणि मालक जिना उतरायला लागले की कोणीतरी सहज म्हणायचं, "धूळ आली." सगळे फडकी घेऊन फळ्यांना लागायचे.

मालकांनी हे वर्षानुवर्षं ऐकलं आणि त्यांचा ऊर भरून यायचा. स्वच्छतेचा एवढा ध्यास असलेली माणसं कुठे मिळतात? एका वर्षी त्यांनी खूश होऊन आठ नवी फडकी वाटली आणि छोटंसं भाषणही केलं. भाषण चालू असताना शिडी इतका गंभीर होता की मालकांचे डोळे पाणावले.

शिडी शब्द काढायचा आणि विसरून जायचा. विसरायचो नाही तो मी. खिडकीतून नुसतीच बघणारी, पुढे काही ठरवू न देणारी एक मुलगी माझ्या डोक्यात होती. तिला मी म्हटलं, किती दिवस गं नुसता डावा, एकदा तरी उजवा निघू दे. आणि तिचे वडील गच्चीवर आले, तिथे 'धूळ आली' आपोआप बसलं. एका ओळखीच्या संगीतकाराने चाल लावली. नोकरी सोडून मला महिना झाला होता तेव्हा ते रेडिओवर लागलं. दोन महिन्यांत शाळेत मास्तर वर्गात शिरले की पोरं "धूळ आली" म्हणून ओरडायला लागली. लग्न जमलेल्यांना लोक विचारायचे, उजवा निघाला वाटतं?

मालकांनी ते नाश्त्याला बसल्या बसल्या ऐकलं. अर्थ त्यांच्या धाकट्या मुलीने सांगितला. त्यांनी मनातल्या मनात फडकी मोजली असावीत. मग दुकानात आले. ते जिना उतरत होते तेव्हा कोणी काही बोललं नाही, कारण बोलायला शब्दच उरला नव्हता.

"हा शब्द कोणी काढला?" मालकांनी विचारलं.

माझं नाव घ्यायला काही हरकत नव्हती. मी तिथे नव्हतो, माझं काही बिघडलं नसतं. पण शिडी म्हणाला, "मी."

त्याला काढून टाकलं नाही. मालक शांत डोक्याचे होते. त्यांनी त्याला तळघरातल्या गोदामात पाठवलं. तिथलं छत साडेपाच फूट. शिडी सहा फूट दोन इंच. अकरा वर्षं.

मला हे तिसऱ्याच दिवशी कळलं. आधी माझे सत्कार चालले होते म्हणून गेलो नाही. मग लाज वाटली म्हणून गेलो नाही. मग फार उशीर झाला म्हणून गेलो नाही, आणि ही शेवटची सबब इतकी टिकाऊ निघाली की आजवर पुरली.

गुरुवारी सकाळी शिडीच्या घराचं दार वहिनींनी उघडलं.

"वहिनी, मी..."

"ओळखलं. या. नवीन गाणं घेतलंय वाटतं? शब्द कमी पडले?" आणि आत वळून, "अहो, ऐकलं का, तुमचे कवी आलेत. चाळीस वर्षं वाट चुकले होते."

शिडी आतल्या खोलीतून आला. चौकटीत मान वाकवून आला, आणि बाहेरच्या खोलीत, जिथे छत चांगलं दहा फुटांवर होतं, तिथेही मान तशीच राहिली. मला बघायला त्याला डोळे वर करावे लागले. एकेकाळी सगळं जग तो खाली बघून बघायचा.

"बस," तो म्हणाला. मग सवयीने माझ्या पायांकडे आणि दाराशी काढलेल्या बुटांकडे बघितलं. "एक नंबर मोठा घेतलायस."

"सैल बरा पडतो, दादा."

"सैल नाही तो. चुकीचा आहे."

मी फोनबद्दल सांगितलं, पुस्तिकेबद्दल सांगितलं आणि खिशातून कागद काढले. रात्री बसून दोन पानं लिहिली होती. त्यात सगळं होतं: शब्द कोणाचे, अर्थ काय, तळघर, अकरा वर्षं, माझी चूक. चांगली उतरली होती पानं.

"तुझ्या नावासकट छापायला सांगतो," मी म्हणालो.

"कशाला?"

"लोकांना कळू दे."

"लोकांना कळलं तेव्हाच तर मी खाली गेलो."

वहिनी चहा ठेवून जाणार होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"दादा, त्या गाण्याने तुझं..."

"गाण्याला काही बोलू नकोस," शिडी म्हणाला. "गाणं चांगलं होतं. खाली ट्रान्झिस्टर होता. दिवसातून चारदा लागायचं. गाणं चारदा यायचं, तू एकदाही आला नाहीस."

मी जमिनीकडे बघितलं. फरशी स्वच्छ होती.

"म्हणून तर आता हे लिहून आणलंय," मी म्हणालो.

"म्हणजे तुझं मन हलकं करायला परत माझेच शब्द?"

 पानं चांगली उतरली होती हेच त्यांचं वाईट होतं. मी त्यांची घडी केली, आणखी एक घडी केली, आणि शेवटी ती बशीखाली ठेवली. चहा सांडला होता, तो तरी टिपला गेला.

"मग काय लिहू, ते तू सांग," मी म्हणालो. हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी म्हणायला हवं होतं. तेव्हा त्याला फार तर पाच मिनिटं लागली असती.

शिडी चहा प्यायला. पूर्ण प्यायला. मग म्हणाला, "त्या पोरीला काय वाटतंय? डावा म्हणजे काय?"

"नायिका डाव्या विचारांची आहे म्हणते."

त्याचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, ठसका लागला.

"अगंबाई!" वहिनी म्हणाल्या. "मोर्च्यात जाते होय ती? मला वाटलं होतं नुसती खिडकीत बसते!"

"आणि धूळ?" शिडीने विचारलं.

"तिथे अडलंय त्यांचं."

"बिचारी नोकरीवाली आहे, तिला अडवून ठेवू नये," शिडी म्हणाला. "घे कागद. लिही. नुसता डावा. माणसाचं काळीज डावीकडे असतं. नायिकेचं नुसतं काळीज आलेलं आहे, ती स्वतः अजून यायची आहे."

"दादा, हे भयंकर आहे."

"छापतील?"

"डोक्यावर घेऊन छापतील."

"मग लिही."

"धूळ म्हणजे काळ," वहिनी खुर्ची ओढून बसल्या. "काळ भराभरा चाललाय, म्हणून ती खिडकी लावते."

"खिडकी लावली की काळ थांबतो?" शिडीने विचारलं.

"घरात नाही थांबत. पुस्तिकेत थांबतो. लिहा हो तुम्ही."

'उजवा निघू दे'ला वेळ लागला. वहिनींचं म्हणणं, उजवा हात, म्हणजे वचन. शिडीला उजवा रस्ता हवा होता. शेवटी दोन्ही घातले आणि 'काहींच्या मते' असं मध्ये टाकलं. त्याने फार वजन आलं.

लिहिता लिहिता माझ्या लक्षात आलं, की तो थट्टा करतोय खरा, पण थट्टेच्या आड काम चाललंय. बाहेर मांडलेले शब्द तो एकेक करून उचलत होता आणि आत नेऊन ठेवत होता. लोकांनी ऐकलेल्या माझ्या एकुलत्या एका गाण्याचा अर्थ आता कायमचा चुकीचा छापला जाणार होता, आणि त्या गाण्यात मला एकाच गोष्टीचा अभिमान होता, की त्यातला शब्द न शब्द खरा होता. मी न खोडता लिहीत गेलो.

तुम्ही विचाराल, मग वर सगळे अर्थ सांगून का टाकले? वरचा मजकूर शिडीने वाचलाय. त्यातला एक अर्थ त्याने बदलून घेतला. कोणता, ते मी सांगणार नाही.

तिथूनच मी कंपनीतल्या मुलीला फोन लावला आणि वाचून दाखवलं. पलीकडे पुन्हा शांतता. या वेळी वकील नव्हता.

"सर," ती हळूच म्हणाली, "आम्ही किती उथळ विचार करत होतो."

"चालायचंच," मी म्हणालो. शिडी उशीत तोंड घालून बसला होता.

फोन ठेवला तेवढ्यात दारावर टकटक झाली. इमारतीचे सेक्रेटरी होते, पाण्याच्या टाकीसाठी सह्या गोळा करत फिरत होते. ते आत पाऊल टाकताहेत तोच शिडी एक शब्द म्हणाला. साधाच शब्द होता, भाजीच्या पिशवीत सापडेल असा. वहिनींचा चेहरा तत्काळ मऊ आणि आजारी झाला. त्यांनी कमरेवर हात ठेवला. शिडीने सही करायला चष्मा शोधायला सुरुवात केली, आणि तो शोधण्याचा वेग असा ठेवला की पाच मिनिटांत सेक्रेटरी "राहू द्या, संध्याकाळी येतो" म्हणून आपणहून गेले. जाताना वहिनींना आराम करायला सांगून गेले.

ते जिना उतरेपर्यंत कोणी बोललं नाही.

"दादा," मी विचारलं, "आत्ता म्हणालास त्याचा अर्थ काय?"

वहिनींनी कमरेवरचा हात काढला आणि शिडीकडे बघितलं. शिडी माझ्याकडे बघत राहिला. खूप वेळ बघत राहिला, मान वाकडी ठेवून, खालून वर. मी नजर हलवली नाही.

मग तो उठला, दार आतून लावून घेतलं, आणि मला अर्थ सांगितला.