झुंबरबाईंचा आराम

अमरसिंहनं आईला उचगावहून शाहूपुरीतल्या फ्लॅटवर आणलं ते मोठ्या मायेनं. "लई राबलीस आई. आता काडी उचलायची न्हाय," तो म्हणाला, आणि शब्दाला पक्का निघाला. झुंबरबाईंच्या हातातला पाण्याचा तांब्यासुद्धा तो काढून घ्यायचा. जन्मभर डोक्यावरनं वैरणीचे भारे वाहिलेली, म्हशींच्या धारा काढलेली बाई तीन वर्षं सोफ्यावर बसून राहिली. टीव्ही लावायचा, बंद करायचा. गॅलरीत जायचं, परत यायचं. बसलेल्या जागी नुसते तळवे चोळायचे.

एका सकाळी घरात कुणी नव्हतं. झुंबरबाईंनी मेथीची जुडी घेतली आणि फरशीवर मांडी घालून निवडली. निवडून झाल्यावर उठायला गेल्या, तर उठताच येईना. गुडघा दुखत नव्हता, चक्कर नव्हती, पण मांड्यांत बळच नव्हतं. कुशीवर वळून बघितलं, सोफा धरून बघितला. सून मोना मंडईतनं आली तेव्हा सासूबाई काड्या-पाल्यात तशाच, घामाघूम.

"पडला का काय, आई?"

"पडले न्हाय गं. बसले हुते." झुंबरबाई म्हणाल्या. "उठता येईना झालंय मला."

डॉक्टरांनी तपासून त्यांना संयोगिता नावाच्या फिजिओथेरपिस्टकडं पाठवलं. तिनं त्यांना खुर्चीत बसवून, हात न टेकता उठायला सांगितलं. झुंबरबाई अर्ध्यातनंच धपकन खाली आल्या.

"आज्जी, तुमची हाडं चांगली आहेत. स्नायू झिजलेत. वापरले नाहीत की जातात ते. या वयातही परत येतात, पण वजन उचलावं लागेल."

"लेक म्हणतोय उचलू नगो, तुमी म्हणताय उचला. ऐकायचं कुणाचं?"

अमरसिंहला तर हे पटेचना. "लोक काय म्हणतील? म्हातारीला वजनं उचलायला लावतोय म्हणतील."

"लोक काय त्यास्नी उठवायला येणार हाईत?" मोना फटकन बोलली.

हातात छोटे डंबेल, पायाला रबरी पट्टा, असं सुरू झालं. दिवस गेले तशा झुंबरबाई खुर्चीतनं उठायला लागल्या आणि त्यांच्या जिवाला आणखीच घाई सुटली. सांगितल्यापेक्षा जास्त करायचं, घरी चोरून करायचं, मांड्या भरून आल्या तरी थांबायचं नाही. अशात गावाकडनं गव्हाचं पोतं आलं. हॉलमधलं ते पोतं बघून त्यांना राहवेना. दोन्ही हातांनी कवळा घातला, हिसका दिला, आणि पाठीत अशी कळ भरली की डोळ्यांपुढं अंधारी आली.

"बास!" अमरसिंह ओरडला. "त्या मॅडमकडं पाय ठेवायचा न्हाय आता!"

झुंबरबाई पलंगावर पडून राहिल्या. पाठीपेक्षा मनच ठणकत होतं. या कुशीवरनं त्या कुशीवर. कमावलेलं सगळं आतल्या आत विरघळत चाललंय असं वाटायचं. मधूनच मांडी चाचपून बघायच्या. पाठ मोकळी झाली त्याच दिवशी त्या कुणाला न सांगता जिना उतरल्या.

संयोगितानं त्यांना बसवून घेतलं. "आज्जी, पोतं उचलायला कुणी सांगितलं होतं?"

"कुणी न्हाय. बसलं की जीव खायला उठतोय बघा. तीन वर्सं गेली माझी. ती भरून काढायला नगोत?"

"काढू की. पण आज उचललं की उद्या थांबायचं. त्या थांबण्यातच अंग भरून येतं. तोही व्यायामच आहे."

हे मात्र झुंबरबाईंना वजनापेक्षा जड गेलं. थांबायच्या दिवशी त्या गॅलरीत येरझाऱ्या घालायच्या, मोनावर विनाकारण करवादायच्या. पण चोरून उचलणं सोडलं. अमरसिंह कुरकुरत होता, तरी पावसापाण्याचं गाडीनं सोडायला लागला. संयोगिताकडं आत मात्र कधी आला नाही.

दिवाळी झाली आणि एका थांबायच्या दिवशी झुंबरबाईंनी पिशवीत लुगडं भरलं, मोनाला सांगितलं आणि रिक्षानं स्टँड गाठलं. बिद्रीला त्यांची थोरली बहीण धोंडुबाई असते. ती अंथरुणाला खिळल्यापासनं दोघींची भेट नव्हती. सुट्टी मिळाली की गाडीनं नेतो, असं अमरसिंह कधीचा म्हणत होता.

एसटीची पायरी कमरेएवढी उंच वाटली. मागनं कुणीतरी म्हणालं, "आज्जी, हात देऊ काय?" झुंबरबाईंनी दांडा धरला, पाय टाकला आणि मांडीवर सगळा भार घेतला. मांडी थरथरली, पण त्या वर आल्या.

गाडी शहराबाहेर पडली तोवर फोन वाजला.

"आई! हाईस कुठं तू? मला सांगायचं न्हाय?" अमरसिंहचा आवाज गाडीभर गेला.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?"

कंडक्टर आला तशी झुंबरबाईंनी फोन कानाशी धरूनच तिकीट काढलं.

"खिडकीला बसू नगो," तो शेवटी म्हणाला. "गार वारं लागतंय. मावशीला नमस्कार सांग."

"सांगते की," झुंबरबाई म्हणाल्या, आणि खिडकीलाच बसून राहिल्या.