हिरामणकाकांचा तिसरा डबा

राजेश्वरीने टेप अकराव्यांदा मागे नेली. टेबलाखालचं पेडल टाचेने दाबलं की कॅसेट मागे सरकायची, पुढच्या बाजूने दाबलं की चालू व्हायची, आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा इस्पितळातला तो डॉक्टर पुन्हा तेच बोलायचा. म्हातारीचं वय एक्याऐंशी. हृदयाची गोळी, रोज सकाळी एक. सगळं नीट कळत होतं, फक्त गोळीचा आकडा तोंडावर पदर धरून बोलल्यासारखा येत होता. फिफ्टी मिलिग्रॅम, की फिफ्टीन?

डॉक्टरांचं बोलणं ऐकून टाइप करायच्या या कामात नियम साधा होता. ऐकू आलं नाही तर जागा रिकामी सोडायची. पण त्या आठवड्यात तिने आधीच सात जागा सोडल्या होत्या, आणि महाप्याच्या ऑफिसातल्या तिच्या सुपरवायझर राजलक्ष्मी मॅडम म्हणाल्या होत्या, "राजेश्वरी, तुझं काम सगळ्यांत स्वच्छ असायचं. घरी बसून काम द्यायला लागल्यापासून काय झालंय?" बाळंतपणानंतर घरी काम मिळणं ही मेहरबानी होती. कंपनीने जुना कॉम्प्युटर दिला होता, कॅसेटी दिल्या होत्या. रोज सकाळी ऑफिसातली मैत्रीण निशिगंधा कामावर जाताना टाइप केलेल्या मजकुराची फ्लॉपी घेऊन जायची.

राजेश्वरीने 'फिफ्टी' टाइप केलं आणि पुढे गेली.

थोड्या वेळाने दार हादरतंय असं तिला वाटलं. हेडफोन काढून तिने दार उघडलं, तर शेजारच्या मालतीबाई उभ्या.

"अगं, पोर केव्हाची रडतेय. मी बेल दाबून दाबून थकले."

आतल्या खोलीत आठ महिन्यांची पोर पाळण्याच्या कडेला अडकून लालबुंद झाली होती. तिच्यापासून चार हातांवर शकुबाई, राजेश्वरीची आई, शांतपणे लसूण सोलत बसली होती. शकुबाईला ऐकू येत नव्हतं, त्याला एकोणतीस वर्षं झाली होती.

"हेडफोन होता कानाला," राजेश्वरी म्हणाली.

"हो, तेच म्हटलं मी," मालतीबाई म्हणाल्या. पण जाताना त्यांनी एकदा शकुबाईकडे आणि एकदा राजेश्वरीकडे पाहिलं.

साताऱ्याकडच्या त्यांच्या गावात सगळे म्हणायचे, राजीने जन्मताच आईचे कान खाल्ले. शकुबाईचं ऐकणं पहिल्या बाळंतपणात कमी झालं होतं, दुसऱ्यात, म्हणजे राजेश्वरीच्या वेळी, पार गेलं. पुढे लोक तिच्यासमोरच तिच्याबद्दल बोलायला लागले. नवरा बाजूला बसून तिच्या वाटच्या सगळ्या गोष्टी ठरवायचा. राजेश्वरीला लहानपणापासून एकच भीती होती, आपलंही असंच होईल ही, आणि ती तिने कुणाला सांगितली नव्हती. तिचा नवरा इंद्रजित एपीएमसीच्या कांदा-बटाटा मार्केटात एका व्यापाऱ्याकडे दिवाणजी होता, चांगला माणूस होता. त्यालाही नाही.

तिने मनाशी ठरवून टाकलं, दोष यंत्राचा आहे. कॅसेट प्लेअर जुना, त्याचा आवाज हेडफोनपर्यंत पोचेपर्यंत मरतो. त्याला जोर द्यायला पाहिजे.

वाशीच्या दुकानात पोरसवदा विक्रेत्याने तिला हेडफोनसाठीचा एक परदेशी अ‍ॅम्प्लिफायर दाखवला. काळाभोर, पुढे हिरवे दिवे. त्याने ढोल-ताशांची कॅसेट लावली. तिच्या छातीत धडधडलं, पण ऑफिसची कॅसेट लावल्यावर डॉक्टर तसाच पदराआड. आणि किंमत तिच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी.

"आमच्या गावात हिरामणकाका आहेत," निशिगंधा म्हणाली. ती तिथल्याच पावणे गावची, शेतं एमआयडीसीत गेलेल्यांपैकी. "लग्नाहळदीचे स्पीकर त्यांचेच असतात. काय पाहिजे ते बनवून देतात. उद्या शुक्रवार, मी सुट्टी टाकते. जाऊ."

हिरामणकाकांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची शेड. डावीकडे पत्रा कापायचे प्रेस, उजवीकडे लेथ. जमीन हादरत होती. साठीचे, अंगात बनियन, डोळ्यांवर दोरीने बांधलेला चष्मा अशा काकांनी सोल्डरिंगची कांडी बाजूला ठेवली.

"काय ऐकायचंय बाय? गानी का बोलनं?"

"बोलणं, काका. इंग्रजीतलं."

"मंग तुमाला धडधड नको. धडधड बोलन्याला गिळते."

राजेश्वरीला नवल वाटलं. इतक्या गोंगाटात त्यांचा शब्द न् शब्द तिला कळत होता. निशिगंधाच मध्येमध्ये "काय? काय म्हणाले?" करत होती. घरी इंद्रजित टीव्ही बंद करून बोलतो तेव्हा सुटतात ते शब्द इथे सुटत नव्हते. म्हणजे कान ठीक आहेत. तिचे खांदे कित्येक दिवसांनी खाली आले.

काकांनी फळीवरून स्वतः बनवलेले अ‍ॅम्प्लिफायरचे तीन डबे काढले. पहिल्याचा आवाज मोठा, पण मागे सतत घूं घूं चालू. "ट्रान्सफॉर्मर हलका हाय, गुनगुनतो," काका म्हणाले आणि तो बाजूला केला. दुसरा लखलखीत, पण त्यात 'स' आणि 'श' आले की कानात सुई टोचायची. तिसरा ओबडधोबड. न रंगवलेला अ‍ॅल्युमिनियमचा डबा, पुढे दोन बटणं, डाव्या कानाचं वेगळं आणि उजव्या कानाचं वेगळं.

तिने बरोबर आणलेली दुसरी एक कॅसेट लावली, हेडफोन चढवला आणि दोन्ही बटणं हळूहळू फिरवत नेली. आणि डॉक्टर आला. पदर बाजूला करून, समोर बसून बोलावा तसा आला. त्याचा श्वास, कागद उलटल्याची सळसळ, शब्दांची शेवटची अक्षरं, सगळं. तिला हसू आलं.

"हाच," ती म्हणाली. "काका, हाच द्या."

"बघू," म्हणत काकांनी तिच्या डोक्यावरचा हेडफोन घेऊन स्वतःच्या कानाला लावला, आणि चटका बसावा तसा ओढून काढला. त्यांनी बटणांकडे पाहिलं. उजवं बटण पाऊणवर होतं, डावं शेवटाला टेकलेलं. त्यांनी हेडफोन टेबलावर ठेवला, तर तिथून डॉक्टरचं बोलणं निशिगंधालाही ऐकू यायला लागलं.

निशिगंधाने राजेश्वरीकडे पाहिलं. मालतीबाईंनी पाहिलं होतं, तसंच.

तेवढ्यात लाईट गेली. प्रेस थांबले, लेथ थांबला, पंखा फिरत फिरत थांबला. शेडमध्ये एकदम शांतता पसरली. हिरामणकाका तिच्यासमोर, दोन हात अंतरावर उभे होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. मग निशिगंधाचे हलले. शेजारचा कामगार काहीतरी बोलून हसला. सगळे जण गोंगाटात चढवलेला आवाज उतरवून हळू बोलत होते, आणि तिच्यापर्यंत त्यातली फक्त हवा येत होती.

आई अशीच बसायची. लग्नकार्यात, माणसांच्या मध्ये, सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत, आणि कुणी हसलं की उशिराने हसायची. राजेश्वरीच्या लक्षात आलं की आपणही आत्ता हसलो.

काका टेबलाला वळसा घालून तिच्या उजव्या बाजूला आले आणि आवाज चढवून बोलले, "बाय, आता येतंय ऐकू?"

तिने मान हलवली.

"मी पंचवीस वर्सं भोंगे दुरुस्त करतो. आवाज फुटतो का नुसता लहान येतो, येवढं मला कलतं. तुमाला मोठा आवाज दिला का तुमी स्वच्छ ऐकता. फुटत नाय. मंजे आत कुठंतरी वाट अडलीय, असं मला वाटतं. पन मी डाक्टर नाय."

"मला काही झालेलं नाही," राजेश्वरी म्हणाली. तिच्या स्वतःच्याच कानात तो आवाज खूप मोठा वाजला.

"नसंल. डबा घेऊन जा, पैसं सावकाश द्या. पन कान दावा कोनाला तरी. आनि बटन याच्या म्होरं न्यायचं नाय." त्यांनी खिळ्याने दोन्ही बटणांपाशी रेघ मारली.

रिक्षात निशिगंधा तिचा हात धरून बसली होती.

घरी आल्यावर राजेश्वरीने पोरीला दूध पाजलं, आईला चहा दिला, मशीनपाशी बसली आणि मग उठली. पुन्हा बसली. त्या म्हातारीची कॅसेट ड्रॉवरमध्येच होती, शनिवारी परत जायची होती. ती न ऐकताही देता आली असती. शेवटी तिने नवा डबा जोडला, बटणं रेघेपर्यंत नेली आणि पेडल दाबलं.

फिफ्टीन. शेवटचा 'न' चांगला लांबवलेला, कुणी मुद्दाम सांगावा तसा.

तिच्या डोळ्यांपुढे एक म्हातारी आली. तिला चेहरा नव्हता, फक्त उघडा तळहात आणि त्यावर गोळ्या. तिपटीहून जास्त औषध. फ्लॉपी जाऊन दोन दिवस झाले होते.

संध्याकाळी इंद्रजित आला तेव्हा ती स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभी होती. तिने त्याला आकड्याचं सांगितलं. कानाचं नाही.

"अगं, तिकडं डॉक्टर वाचून सही करतोच की," तो म्हणाला. "तू उगाच सांगायला जाशील आणि काम जाईल. गप बस."

"आणि त्यानं न वाचता सही केली असेल तर?"

त्याने हातातली पिशवी ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "पण तू चुकलीस कशी? तुझं तर..." आणि थांबला. हे शेवटचं तो हळू बोलला होता. तिने त्याच्या ओठांवरून ओळखलं, आणि ओठांवरून ओळखलं हे त्याला कळलं.

"कधीपासून?" त्याने मोठ्याने विचारलं.

"पोर झाल्यापासून."

फोन मालतीबाईंकडे होता. इंद्रजित बरोबर आला. राजलक्ष्मी मॅडम अजून ऑफिसात होत्या. राजेश्वरीने एका दमात आकडा, कॅसेटचा नंबर, तारीख सांगितली. पलीकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. निदान तिला तसं वाटलं, आणि नुसत्या त्या वाटण्यानेही ती घाबरली.

"रिपोर्ट गेलाय," मॅडम म्हणाल्या. "मी आत्ता कळवते. पण तेव्हा जागा रिकामी का नाही सोडलीस?"

"भीती वाटली. मॅडम, मला कमी ऐकू येतं."

हे वाक्य तिने आयुष्यात पहिल्यांदा तोंडाबाहेर काढलं. मालतीबाई टीव्हीकडे तोंड करून बसल्या होत्या, पण टीव्ही बंद होता.

शनिवार गेला, रविवार गेला. राजेश्वरी जेवायला बसायची आणि दोन घास खाऊन उठायची. शकुबाईने काय झालं म्हणून हाताने विचारलं, तर तिने मान फिरवली. सोमवारी दुपारी मालतीबाई हाक मारायला आल्या. फोनवर राजलक्ष्मी मॅडम होत्या.

म्हातारी सुखरूप होती. गोळी द्यायच्या आधी तिथल्या नर्सला आकडा खटकला, तिने डॉक्टरला विचारलं, आणि तोवर इकडचा निरोपही पोचला. पण राजेश्वरीचं नवं काम बंद झालं. गेल्या दोन महिन्यांच्या सगळ्या कॅसेटी पुन्हा ऐकून तपासायच्या होत्या, बिनपगारी. निशिगंधा रोज संध्याकाळी येऊन शेजारी बसायची. तिसऱ्या डब्यावर त्यांनी एकेक कॅसेट ऐकली. आणखी दोन चुका सापडल्या, एक तारखेची, एक उजव्या-डाव्या गुडघ्याची. प्रत्येक आकडा राजेश्वरी दोनदा मागे नेऊन ऐकायची.

कानाच्या डॉक्टरांनी तिला काचेच्या खोलीत बसवलं, तपासणी केली आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. कानाच्या आत तांदळाच्या दाण्याहून लहान हाड असतं, ते हलेनासं झालंय. घराण्यात असतं. काही बायकांचं बाळंतपणात वाढतं. ऑपरेशन होतं, एका वेळी एका कानाचं.

"आणि बिघडलं तर?" इंद्रजितने विचारलं.

"शंभरात एखाद्याचा तो कान पूर्ण जातो," डॉक्टर म्हणाले. ते राजेश्वरीकडे बघून, मोठ्याने बोलत होते.

"माझ्या आईला हेच झालं असेल का?" तिने विचारलं.

"तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण असू शकतं."

"म्हणजे एकोणतीस वर्षं..." तिने वाक्य सोडून दिलं.

ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर सही तिने स्वतः केली. इंद्रजित म्हणाला होता, थांबू, बघू, घाई नको. पण थांबण्याने काय होतं ते तिने रोज घरात पाहिलं होतं.

ऑपरेशन नुसता कान बधिर करून होतं. डाव्या कानावर झगझगीत दिवा, तोंडावर हिरवं कापड. हलायचं नाही, शिंकायचं नाही, असं बजावलेलं. कानात काहीतरी खरवडल्याचा आवाज थेट कवटीत घुमत होता आणि तिने दोन्ही मुठी इतक्या आवळल्या होत्या की नखं रुतली. शंभरात एक, शंभरात एक, एवढंच ती मनात म्हणत होती. मग सगळं थांबलं. खूप वेळ थांबलं. तिला वाटलं, गेला कान.

"राजेश्वरीताई," कुणीतरी म्हटलं, "काही ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली. "ओरडू नका."

"मी कुजबुजतोय," डॉक्टर म्हणाले.

कापडाखाली तिच्या डोळ्यांतून पाणी कानशिलावर उतरलं. नर्सने ते हळूच टिपलं. रडूही नका, डोकं हलतं, असं तिने बजावलं.

पुढचे पाच दिवस तिला इतकी चक्कर येत होती की भिंत धरल्याशिवाय उभं राहता येईना. पोरीला उचलायचं काम इंद्रजितने केलं. दोन महिन्यांनी ऑफिसने काम सुरू केलं, रोज दोनच कॅसेटी, तपासणीला निशिगंधा. उजव्या कानाचं काय करायचं ते अजून ठरलं नव्हतं. त्या कानाची भीती होती तशीच होती. मात्र शकुबाईच्या तपासणीची तारीख राजेश्वरीने घेऊन ठेवली. शकुबाई नको नको म्हणत होती, आता या वयात कशाला, पण त्या सकाळी तिने पेटीतलं चांगलं लुगडं काढलं आणि सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.