अक्रोडाचा वाटा

माझ्या माहेरचा ओढा गावाच्या टोकाला एका भोकात गडप व्हायचा आणि डोंगराच्या पोटातून माझ्या सासरच्या झऱ्याला यायचा. आईच्या झाडाचे अक्रोड उतरले, की धाकटा भाऊ ओब्रेन माझा वाटा त्या भोकात सोडायचा. मी इकडे चाळण घेऊन बसायचे. अर्धेअधिक वाटेतच अडकत, उरलेले तरंगत येत.

"टपालाचा खर्च वाचवतो लेकाचा," माझा नवरा लाझार म्हणायचा आणि पहिला अक्रोड स्वतःच फोडायचा.

यंदा ऐन उन्हाळ्यात झरा आटला. शेळ्या कोरड्या कुंडात तोंड घालून ओरडायच्या. तंबाखूचं पीक उभं करपलं. तेवढ्यात ओब्रेनचा निरोप आला, भोक सिमेंटनं बुजवलंय, मोठं तळं साचलंय, बघायला ये.

मी तडक डोंगर ओलांडला. ओब्रेन तळ्याकाठी उभा होता, नवरदेवासारखा खूश.

"बघ ताई! इतकी वर्षं सगळं फुकट जात होतं भोकात."

"फुकट? अरे गाढवा, मग माझे अक्रोड कशावर बसून येत होते?"

देवाशपथ सांगते, त्याच्या मनात कपट नव्हतं. अक्रोड मला पोचतात एवढं त्याला ठाऊक होतं, पण आम्ही त्या पाण्यावर जगतो हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"उद्याच फोडतो गं," तो म्हणाला.

पण सकाळी तळं रिकामं होतं. पाण्याच्या भारानं तळ खचला होता आणि ओब्रेनच्याच शेतात नवं भगदाड पडलं होतं. ओढा आता त्यात जायचा आणि कुठे निघायचा, कुणालाच ठाऊक नव्हतं. जुनं भोक फोडलं, पण त्याच्यापर्यंत पाणी पोचेचना. ना त्यांना राहिलं, ना आम्हाला.

आमच्या गावातली घरं एकेक करून बंद झाली. शेळ्या विकल्या. अक्रोड उतरायच्या दिवसांत आम्ही गाडीत सामान भरत होतो, तेव्हा ओब्रेन आला. डोंगराखालच्या एकेका झऱ्यावर विचारत आला होता, चपला फाटल्या होत्या.

"आले का गं, ताई?"

"काय?"

"अक्रोड. नव्या भगदाडात सोडले होते."

"नाही रे."

तो गुडघे टेकून कोरडं कुंड चाचपू लागला, दगडाखाली बोटं घालून बघू लागला. त्याच्यासाठी मी किती शिव्या साठवून ठेवल्या होत्या! एकही तोंडातून निघेना.

"कुठेच नाहीत," तो म्हणाला. "आणि मी अख्खं झाड सोडलं गं. घरी एकसुद्धा ठेवला नाही."