फ्लर्ट म्हणजे नेमकं काय?

मेमोची टाचणी गंजकी होती, आणि तिच्या टोकाशीच तो शब्द – फ्लर्ट. सरिता टेलिफोन बोर्डासमोर बसून सकाळपासून त्याच्याकडेच बघत होती. सातपूरच्या या कारखान्यात ऑपरेटर म्हणून तिला अकरा महिने झालेले, पुढच्या महिन्यात ती कायम व्हायची. आणि आज पाचच्या आत 'वागणूक सुधारीन' असं लिहून द्यायचं, नाहीतर नारळ. गुन्हा काय, तर डिस्पॅचच्या ललितशी फोनवर हसून बोलते!

जेवणाच्या सुट्टीत तिनं ऑफिसातली जाडजूड डिक्शनरी काढली. शब्दाचा जुना अर्थ झटका, टिचकी... एवढंच. मग कुणी कधी केलं देव जाणे, पण ती टिचकी बाईच्याच कपाळी आली – नखरेल, चाळे करणारी, उठवळ. आणि पुरुष? त्याच्यासाठी शब्दच नाही. वा रे वा! मॅनेजरसाहेब रोज टेबलावर रेलून "आज पिवळा ड्रेस? छान!" म्हणतात, तो त्यांचा खेळकर स्वभाव. हरसूलच्या बाजारात तिची आई नवसाबाई भेंडीच्या ढिगामागून ओरडायची – "या ना दादा, तुमच्यासाठीच कवळी राखून ठेवली हाय!" – सगळी रांग हसायची, आणि टोपली रिकामी व्हायची. तिला कुणी मेमो दिला नाही.

तिनं कागद ओढला. 'मी ललित यांच्याशी फक्त कामापुरतं...' इथं पेन अडलं. कामापुरतं? खोटं. त्याचा फोन आला की आवाज आपोआप मऊ व्हायचा, दुपार हलकी जायची... होय, व्हायचा! मग मी काय म्हणून नाकारू? कुणाचं काय घोडं मारलं मी? एकदम तिला बरं वाटलं. नाहीच लिहून देणार. करा काय करायचं ते!

चार वाजता बोर्डावर डिस्पॅचचा दिवा लागला.

"सरिता, जेवलीस का?" ललितच.

"कामाचं बोला," ती म्हणाली.

बोला... त्याला, ज्याला आजवर अरे-तुरे! मग त्यानं मुकाट्यानं भिवंडीचा नंबर मागितला, तिनं जोडून दिला.

कागद तसाच अर्धवट. सही नाही, काही नाही... आणि तरी मेमो देणाऱ्यांचं काम झालंच की. तिला साहेबांचा राग येत होता, त्या शब्दाचा येत होता. पण आत्ता, या घटकेला, सगळ्यात जास्त संताप आला होता तो स्वतःच्या त्या गुळगुळीत, सुधारलेल्या आवाजाचा.