चढावरचा आवाज

इयरफोनचं डाव्या कानातलं रबर पुन्हा निसटलं. अपेक्षानं ते बोटानं दाबून बसवलं आणि बसच्या खिडकीला डोकं टेकलं – कंपनीची बस कुरुळीच्या पुढे कंटेनरांच्या रांगेत अडकली होती, आणि कानात एक इंजिन चढ चढत होतं. आधी नुसती खरखर, मग लांबून, दमलेल्या म्हशीनं टाकावेत तसे जड सुस्कारे... आणि त्यांच्यावर बाबांचा आवाज.

"ऐकतीस ना, उत्कर्षा? दम लागलाय तिला. आता बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं... हां! बघ, कशी सुटली!"

आणि बाबा हसले.

तिनं ते हसणं मागे नेऊन पुन्हा ऐकलं. पुन्हा. हे कोण हसतंय? हा माणूस आमच्या घरी कधी राहत होता?

काल ताईनं, उत्कर्षानं, वाकडहून हे सगळं पाठवलं होतं. ट्रंकेत बाबांच्या कॅसेटी सापडल्या, दुकानात देऊन साफ करून फोनवर उतरवून घेतल्या, म्हणाली. बाबा रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. दौंडला वाफेची इंजिनं बंद व्हायची होती, त्या शेवटच्या महिन्यांत बाबांनी कुणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणला होता आणि सुटीच्या दिवशी रुळाकडेला बसून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज भरून ठेवले होते. सोबत नऊ वर्षांची ताई. अपेक्षा तेव्हा आईच्या मांडीवर.

म्हणजे तिच्या वाट्याला आले ते नंतरचे बाबा. डिझेलवर त्यांचं मन कधी बसलं नाही. ड्यूटीवरून यायचे, खुर्चीत बसायचे, काहीही विचारलं तरी 'हूं'. मी दहावी पास झाले – हूं. लग्न मोडून परत आले – तेव्हाही हूं, फक्त जरा लांबलेला. आणि शेवटी ते अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना आंघोळ कोणी घातली, नखं कोणी कापली, भाताची पेज चमच्यानं कोणी भरवली? वाकडची ताई रविवारी यायची, फळं घेऊन.

दिवसभर ती लाइनवर रबरी सील तपासत राहिली. तडा गेलेलं बाजूला, चांगलं खोक्यात. हात चालत होते आणि आत तेच चाललं होतं – ऐकतीस ना, उत्कर्षा... त्या एवढ्या कॅसेटींत एकदाही 'अपेक्षा' नाही. असणार कशी? तेव्हा आपल्याला बोलता तरी येत होतं का? हे सगळं कळत होतं. कळून काही उपयोग होत नव्हता.

ती घरी आली तेव्हा आई दारात मेथी निवडत बसली होती.

"लाव की गं त्यांचा आवाज पुन्यांदा. सकाळधरनं मनात घोळतोय."

"उडालं ते. फोनमधनं."

"आसं कसं उडंल?"

"उडतं कधी कधी." खोटं इतक्या सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं. फोन तिच्या पर्समध्ये होता आणि त्यात बाबा होते, हसणारे.

आईनं एक काडी मोडून टाकली. "ऱ्हाऊं दे. मला तरी कवा आसं बोलले व्हते? गाडी बंद झाली आन् माणूसबी बंद झाला." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. अपेक्षाला त्याचाही राग आला – हिला कसं चालतं एवढ्यावर?

दिवे लागायच्या वेळेला ताईचा फोन आला.

"ऐकलंस सगळं?"

"ऐकलं."

"मी काल रडले गं. सातवीत मला मावशीकडे ठेवलं ना, त्यानंतर बाबा मला मिळालेच नाहीत. तेवढ्या कॅसेटींपुरतेच. तू शेवटपर्यंत जवळ होतीस... खरं सांगू? हेवा वाटतो मला तुझा. शेवटी शेवटी काय बोलायचे ते?"

पाणी दे. दिवा घालव. कूस बदल. एवढंच. अपेक्षानं तोंड उघडलं ते हेच सांगायला.

"खूप बोलायचे," ती म्हणाली.

पलीकडून ताईचा बारीक झालेला आवाज, "काय?"

"झोप यायची नाही त्यांना. मला उशाशी बसवून घ्यायचे. हायवेवरून ट्रक गेला की म्हणायचे, ऐक... भरलेला की रिकामा, ओळख. ओळखलं की हसायचे."

"हसायचे?"

"मोठ्यानं."

ताईचा श्वास अडखळलेला तिला स्पष्ट ऐकू आला, आणि छातीत काहीतरी गरम, गोड पसरलं – घे, आता तू घे. माझ्याजवळही आहे काहीतरी, तुझ्याजवळ नाही असं.

"अजून सांग ना," ताई म्हणाली.

अपेक्षा सांगू लागली. शब्द आपोआप येत होते. अंथरुणातले बाबा मान वळवून बघत होते, नाव घेऊन हाक मारत होते, उशाशी बसलेली ती मुलगी डोळे मिटून कान देत होती... आणि बोलता बोलता तिला आपणच रचलेल्या त्या मुलीचा हेवा वाटत होता. ताईचा वाटला नव्हता इतका, असह्य. तिला ती कुठे बघायलाही मिळणार नव्हती, आणि तिच्याबद्दल बोलणं थांबवताही येत नव्हतं.