फक्त बसून राहायचं होतं

फिटरभाऊंना आयुष्यात एक गोष्ट फार छान जमायची, ती म्हणजे उठून जाणं.

हसू नका. उठून कुणालाही जाता येतं हो, पण आपण उठलो की मागोमाग तीस माणसं उठली पाहिजेत आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला पाहिजे, याला अंगात काहीतरी असावं लागतं. फिटरभाऊंच्या अंगात ते होतं. तिशीपर्यंत ते घरोघर नळ जोडत हिंडले. मग वॉर्डातल्या बायकांनी, आपल्या गल्लीत पाणी कधी येतं आणि का येत नाही हे याच्याइतकं कुणालाच कळत नाही, असं म्हणून त्यांना नगरपालिकेत निवडून दिलं. पहिल्याच सभेत त्यांनी नव्या पाइपलाइनचा हातभर तुकडा पिशवीतून काढला, अध्यक्षांच्या टेबलावर ठेवला, नुसत्या अंगठ्यानं दाबून चेपवून दाखवला आणि चकार शब्द न बोलता बाहेर पडले. विरोधी बाकांवरचे आठही जण मागे गेले. त्यातल्या दोघांना वाटलं होतं की चहाची सुट्टी झाली, पण पेपरवाल्याला काय त्याचं! ‘नऊ सदस्यांचा सभात्याग’ असं छापून आलं आणि फिटरभाऊंची गाडी रुळाला लागली.

पुढे ते नगराध्यक्ष व्हायचे, पण मतदान चालू असताना निषेध करून बाहेर गेले आणि तेवढ्यात एका मतानं पडले. ते मत त्यांचं स्वतःचंच होतं. लोकांनी मात्र त्यांना आणखी डोक्यावर घेतलं आणि थेट विधानसभेत पाठवलं, एकदा नाही, तीनदा. एवढंच की फिटरभाऊ ज्या पक्षात असतील तो पक्ष कधी सत्तेवर यायचा नाही. बावीस वर्षं गडी विरोधात बसला. बसला म्हणजे काय, उठत राहिला.

त्याचंही एक शास्त्र होतं आणि ते नव्या आमदारांना मायेनं शिकवायचे. चष्मा आधी खिशात, धक्काबुक्कीत तो पहिला फुटतो. फाइल डाव्या काखेत, बोट दाखवायला उजवा हात मोकळा. आणि काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. आपण मागे बघितलं की मागच्यांना शंका येते. उठायचं कधी? मंत्री म्हणाले, “शासन या प्रश्नाचा गांभीर्यानं विचार करत आहे,” की उठायचं. म्हणजे आता काही होणार नाही हे नक्की झालं.

घरी मात्र या कलेची कदर नव्हती. त्यांची बायको सरकारी दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डाची मुख्य सिस्टर. सगळं गाव त्यांना सिस्टरच म्हणायचं आणि खरं सांगायचं तर आमदारापेक्षा जास्त मानायचं. फिटरभाऊंचे निम्मे मतदार सिस्टरच्या हातावर जन्मलेले.

“बावीस वर्षं तुम्ही बाहेर जाताय,” सिस्टर म्हणायच्या. “माझ्या वॉर्डात ऑपरेशनचं एक टेबल वाढलं का?”

नव्हतं वाढलं. एवढ्या मोठ्या तालुक्याला एकच टेबल. मागच्या उन्हाळ्यात दोन बायका एकदमच अडल्या. एकीला टेबलावर घेतलं, दुसरीला गाडीत घालून शहरात पाठवलं. तिचं बाळ वाटेतच गेलं. कुणाला आधी घ्यायचं हे सिस्टरनी ठरवलं होतं. त्या दिवशी घरी आल्या त्या गणवेशातच ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि कितीतरी वेळ तशाच उभ्या होत्या. फिटरभाऊंनाही भरून आलं. त्यांनी पुढच्याच आठवड्यात त्या विषयावर कडकडीत सभात्याग केला. फोटो झकास आला होता. सिस्टरनी तो पेपर भांड्यांच्या फळीवर अंथरला.

आणि मग या वर्षी चमत्कार झाला. निवडणुकीत फिटरभाऊ चौथ्यांदा निवडून आले, सरकार मात्र काठावर आलं आणि मुख्यमंत्र्यांनी फिटरभाऊंना चहाला बोलावून विचारलं, “आमच्याकडे येण्याचं काय घ्याल?”

“साठ खाटांचं हॉस्पिटल,” फिटरभाऊ म्हणाले. “आणि तीन टेबलं.”

मुख्यमंत्र्यांना वाटलं माणूस अजून काहीतरी मागेल, म्हणून ते जरा थांबले. मग पटकन हो म्हणाले. फिटरभाऊ सरकारी बाकांवर आले, तिकडे जुन्या सोबत्यांनी त्यांच्या नावानं बोटं मोडली, पण हॉस्पिटल पुरवणी मागण्यांत बसलं. आता सरकारकडे विरोधकांपेक्षा बरोब्बर एक मत जास्त होतं. गुरुवारी मतदान. मागण्या पडल्या तर सरकार पडणार आणि सरकार पडलं तर हॉस्पिटल गेलं खड्ड्यात. सिस्टर चार महिन्यांनी निवृत्त होणार होत्या.

पक्षाची मतं राखायचं काम ज्याच्याकडे असतं तो प्रतोद स्वतः घरी आला. “भाऊ, तुम्ही बोलायचं नाही, काही करायचं नाही. बसायचं. घंटा होईल, दारं बंद होतील, नाव पुकारलं की ‘होय’ म्हणायचं. जमेल?”

“न जमायला काय झालं?” फिटरभाऊ म्हणाले.

सिस्टरचा विश्वास बसेना. बुधवारी त्यांनी स्वयंपाकघरात फिटरभाऊंना खुर्चीत बसवलं, हातात वर्तमानपत्र धरलं आणि मंत्र्याच्या आवाजात वाचलं, “शासन या प्रश्नाचा गांभीर्यानं विचार करत आहे.”

फिटरभाऊ थेट अंगणात.

“अहो!”

“अगं, माझ्या ध्यानातच नाही आलं!” ते कानकोंडे होऊन परत आले. दुसऱ्या वेळी दारापर्यंत गेले, तिसऱ्या वेळी नुसते अर्धवट उठले. शेवटी सिस्टरनी पाण्यानं काठोकाठ भरलेलं पातेलं त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यानंतर शासनानं सतरा वेळा गांभीर्यानं विचार केला आणि फिटरभाऊ हलले नाहीत. एक थेंब सांडला नाही.

“जमलं की!” फिटरभाऊ खूश.

सिस्टरनी पातेलं उचललं. “हे बघा, मी तुमच्याकडे आजवर काही मागितलं नाही. एवढं एकदा माझ्यासाठी बसून राहा.”

त्यांचा आवाज जरा ओला झाला होता. फिटरभाऊंनी त्यांच्या डोक्याची शपथ घेतली.

गुरुवारी सभागृह खचाखच भरलं. समोर विरोधी बाकांवर जुने सोबती दात-ओठ खात बसले होते. त्यांच्या नेत्यानं सक्त ताकीद दिली होती की आज कुणीही जागचं हलायचं नाही, घोषणा नाही, सभात्याग नाही, मतदान करून सरकार पाडायचं. सरकारचा एखादा माणूस ऐन वेळी कच खाईल अशी त्यांना आशा होती. फिटरभाऊंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट पकडले आणि मनातल्या मनात पातेलं मांडीवर ठेवलं.

पुरवणी मागण्या यायला पाच मिनिटं होती. तेवढ्यात एक शेवटचा प्रश्न निघाला, कुठल्याशा गावच्या गळक्या पाण्याच्या टाकीचा. टाकी म्हटल्यावर फिटरभाऊंचे कान टवकारले. जोड कुठला असेल, पॅकिंग कसलं घातलं असेल, यात त्यांचं डोकं शिरलं आणि पातेलं राहिलं बाजूला. मंत्री उठले, घसा खाकरला आणि वाचून मोकळे झाले, “शासन या प्रश्नाचा गांभीर्यानं विचार करत आहे.”

चष्मा खिशात गेला. फाइल काखेत गेली. “धिक्कार असो!” फिटरभाऊ गरजले आणि निघाले.

आता समोरच्यांचं ऐका. पंधरा-पंधरा वर्षं ज्या आरोळीला ती माणसं उठली होती, ती आरोळी अशी खणखणीत कानावर आली. गुडघ्यांना काय कळतंय कोण कुठल्या पक्षात गेलाय ते! एक उठला, त्याचं बघून दुसरा उठला, बघता बघता एकोणतीस जण “धिक्कार असो, धिक्कार असो” करत फिटरभाऊंच्या मागे. त्यांचा नेता बाकावर हात आपटून ओरडत होता, “अरे बसा! गाढवांनो, बसा म्हणतो ना!” पण घोषणांमध्ये कोण कुणाचं ऐकतंय? आणि फिटरभाऊ काही मागे वळून बघणाऱ्यांतले नव्हते.

पायऱ्यांवर येऊन ते वार्ताहरांकडे वळले, बोट वर केलं, “हा लोकशाहीचा...” म्हणाले आणि आत घंटा वाजली.

फिटरभाऊंना मतदान आठवलं. ते उलटे धावले, पण दार लागलं होतं.

“उघड बाबा, उघड!”

“घंटा झाली की नाही उघडता येत, साहेब,” दारवान म्हणाला.

“अरे, माझ्या बायकोचं हॉस्पिटल आहे आत!”

दारवानानं हे आजवर कुणाकडून ऐकलं नव्हतं, पण नियम तो नियम. मागे एकोणतीस जण एकमेकांकडे बघत उभे होते आणि आपण इथे कसे, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. फिटरभाऊ पायरीवर मटकन बसले. त्यांना हिशेब वगैरे काही सुचला नाही. गाडीत घातलेली ती बाई आणि ओट्यापाशी उभी असलेली सिस्टर, एवढंच डोळ्यांपुढे येत होतं. आपल्याला जोड्यानं मारलं पाहिजे, असं त्यांना मनापासून वाटलं.

दहा मिनिटांनी दार उघडलं आणि प्रतोद धावत आला. तो मारायलाच येतोय असं वाटून फिटरभाऊंनी डोळे मिटले, तर त्यानं त्यांना उचलूनच घेतलं. “एकोणतीस मतांनी! भाऊ, एकोणतीस मतांनी पास! काय डोकं चालवलंत हो!”

मुख्यमंत्र्यांनी दालनात बोलावून मिठी मारली. “अख्खा विरोधी पक्ष बाहेर नेलात! सुचलं कसं?”

“साहेब, सुचलं वगैरे काही नाही. मी विसरलो होतो.”

मुख्यमंत्री डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. “वा! बाहेरही असंच सांगा. मंत्रिमंडळात एक जागा आहे, बोलू आपण.”

प्रतोदाला सांगितलं, तो हसला. वार्ताहरांना सांगितलं, त्यांनी ‘मुरब्बी नेत्याचं मिश्कील उत्तर’ असं लिहून घेतलं. एका जुन्या सोबत्याला हात जोडून सांगितलं, तर तो म्हणाला, “इतकंही आम्हाला दूधखुळं समजू नकोस.” आता माणूस सांगून सांगून किती सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी गावी परत येताना गाडीत पेपर वाचता वाचता फिटरभाऊंना वाटायला लागलं की कदाचित असेलही तसं. स्टँडवर लोकांनी खांद्यावर घेतलं, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली.

घरी सिस्टर कामावर निघाल्या होत्या. पेपर टेबलावर पडला होता.

“वाचलंस ना?” फिटरभाऊ ऐटीत म्हणाले. “मुद्दाम उठलो. आधीपासून ठरवलं होतं सगळं. तुलासुद्धा पत्ता लागू दिला नाही.”

“हो?” सिस्टर म्हणाल्या आणि त्यांच्याकडे नुसतं बघत राहिल्या.

फिटरभाऊंनी पुढचं वाक्य तयार ठेवलं होतं, ते तोंडातून बाहेरच येईना. कानापर्यंत लाल झाले. “अगं, विसरलो मी. तू नाही आठवलीस, तुझं टेबल नाही आठवलं, ती बाई नाही आठवली. काही म्हणजे काही आठवलं नाही.”

एवढ्या जणांना सांगून झालं होतं आणि झाडून सगळे हसले होते. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी लगेच विश्वास ठेवला.

“माहितीये,” त्या म्हणाल्या. “टेबलं आली, फार बरं झालं. काल मी आणि आया, दोघी गळ्यात पडून रडलो.” आणि त्यांनी पर्स खांद्याला अडकवली.

“मग वॉर्डातल्या बायका विचारतील की नाही, हॉस्पिटल कुणी आणलं म्हणून?” फिटरभाऊंनी चाचरत विचारलं. “माझं नाव सांगशील ना?”

सिस्टर दारात थांबल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं.

“तुमचं कसं सांगू? तुम्ही तर बाहेर होतात.”